राळेगाव ओलांडून

मी गाव सोडलं त्या सकाळी माझ्यापेक्षा वहिनीचीच लगबग जास्त होती. सत्तावन्नचा हिवाळा होता, कापसाची वेचणी भरात आली होती, आणि वस्तीतल्या बाया ओटी बांधून शेतात निघायच्या बेतात होत्या. वहिनीने पहाटेच भाकरी थापल्या, ठेचा केला आणि फडक्यात बांधून माझ्या पत्र्याच्या पेटीवर ठेवला. माझ्या वेण्याही तिनेच घातल्या आणि त्या इतक्या घट्ट ओढल्या की डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचं खरं कारण कोणाला कळू नये म्हणून मी तिलाच बोल लावला. तिचं नाव वच्छला. ती माझ्याच वयाची होती. दादाशी लग्न होऊन आली तेव्हापासून आम्ही दोघी एकाच घोंगडीत झोपत होतो, एकाच पाथीवर, एकाच ओळीत, कापूस वेचत होतो. त्या दिवसापासून माझी पाथही तिच्याच वाट्याला येणार होती आणि तिने ती आपण होऊन मागून घेतली होती.

आमचं गाव राळेगावपासून बैलबंडीने दोन-अडीच तासांवर. आदल्या वर्षी, छप्पनच्या दसऱ्याला, बा आणि दादा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. त्यानंतर वस्तीने बसून ठरवलं की गावकीची कामं करायची नाहीत. मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि कोणाच्या दाराशी शिळं मागायला जायचं नाही. माझी माय गावची सुईण होती. पाटलापासून तेल्यापर्यंत साऱ्यांच्या घरची लेकरं तिच्या हातात जन्मलेली. पण नाळ कापून ती मागच्या दाराने बाहेर पडली की ज्या जागेवर ती बसली होती त्या जागेवर पाणी शिंपडायचे. वस्तीच्या ठरावात तिचं ते कामही सुटलं. आपल्या वस्तीतल्या बायकांचं तेवढं ती करत राहिली.

म्हणून मी दवाखान्यात आयाच्या कामाला चालले आहे हे कळल्यावर शेजारच्या सखूआत्याने मायला टोमणा मारलाच. "मायनं दाईपण सोडलं अन् लेक चालली तेच कराले. मंग सोडलं तरी कायले?"

माय म्हणाली, "म्या केलं ते गावाच्या हुकमानं केलं, आत्या. हे पोरगी शिकून करीन."

मी सातवी झाले होते. राळेगावच्या शाळेतल्या गुरुजींनीच बाला सांगितलं होतं की यवतमाळच्या एका मोठ्या दवाखान्यात आया म्हणून पोरी घेतात. तिथल्या मेट्रनबाई शिकणाऱ्या पोरीला हात देतात, आणि जी मॅट्रिक होईल तिला नर्सच्या वर्गात बसवतात. गुरुजींचे उपकार मी आजही मानते. त्यांनी ते सांगितलं नसतं तर आज हे लिहिता आलं नसतं. कधी कधी असंही वाटतं की त्यांनी सांगितलं नसतं तर एक माणूस जगलं असतं. हे दोन्ही विचार एकाच डोक्यात वर्षानुवर्षं नांदतात आणि एकमेकांना बाहेर काढत नाहीत.

राळेगावला यवतमाळच्या सर्विस मोटरीत बसवताना बाने एवढंच सांगितलं, "कोणी भायेर उभं राहाय म्हनलं, तर उभी राहू नोको." बाचा सारा जन्म बाहेर उभं राहण्यात गेला होता. शाळेच्या, देवळाच्या, चावडीच्या बाहेर तो उभा राहिला होता. वैद्याच्या ओट्याखाली उभं राहून वरून टाकलेली पुडी त्याने हातात झेलली होती. मला आत पाठवायचं, हेच त्याच्या मनात होतं.

मी आत गेले खरी. पण आत गेल्यावर कळलं की आतलाही एक बाहेर असतो. आयाने फरशी पुसायची, बेडपॅन उचलायचे, रक्ताची लुगडी आणि चादरी आधी गार पाण्यात आणि मग सोड्यात उकळायच्या. दुपारी गठ्ठे उलगडून कापसाचे बोळे वळायचे. गावी असताना जो कापूस मी बोंडातून ओढून ओटीत टाकत होते, तोच इथे धुऊन-पिंजून निळ्या कागदात गुंडाळून यायचा. पहिल्या दिवशी तो हातात घेतला आणि वास घेतला. त्याला शेताचा वास नव्हता. कसलाच वास नव्हता. लेबर रूमच्या दारापर्यंत स्ट्रेचर ढकलायचं आणि तिथेच थांबायचं हा नियम होता. दारापलीकडे स्टाफ नर्स, सिस्टर आणि डॉक्टर. हा नियम कोणाची जात पाहून केलेला नव्हता. आम्हा साऱ्या आयांना तो सारखाच होता आणि तो योग्यच होता, हे पुढे मी स्वतः नर्स झाल्यावर मला पटलं.

मेट्रनबाई कडक होत्या, पण शब्दाला जागणाऱ्या होत्या. ड्युटी संपली की चादरी ठेवायच्या लिननच्या खोलीतल्या टेबलावर बसून मला इंग्रजी शिकवायच्या. मॅट्रिकला मी बाहेरून बसले आणि दुसऱ्या खेपेला पास झाले. पण नर्सच्या वर्गात जागा निघेपर्यंत आयाचंच काम करायचं होतं. बादली हातातच होती.

सुटीत घरी जायची तेव्हा मी साऱ्यांना स्पष्ट सांगायची की मी नर्स नाही, आया आहे, अजून शिकायचं आहे. दादा हसायचा. बा म्हणायचा, "आज नाही तं उद्या होशीन ना." आणि बाजारात, लग्नात, विहाराच्या पायरीवर भेटेल त्याला सांगायचा, "आमची शेवंता नर्स हाये यवतमाळले." ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या पोरांचं कौतुक ऐकलं त्याला पहिल्यांदाच स्वतःचं सांगायला काहीतरी मिळालं होतं. त्याला थांबवायचं तरी कसं?

वहिनी मात्र सगळं विचारून घ्यायची. लेबर रूम कशी असते, टेबल किती उंच, दिवा कुठे लागतो, डॉक्टरीणबाई रागावतात का. तिची माय लहानपणीच गेलेली, माहेर वणीकडे आणि तिथे सावत्रपण, त्यामुळे पहिलं बाळंतपण आमच्याच घरी होणार होतं. तिला पाचवा महिना लागला तेव्हा मी घरी गेले होते. तिने माझा हात आपल्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, "पाह्य वं नर्सबाई, लेकरू काय म्हन्ते." मी म्हटलं, मला यातलं काही येत नाही. ती म्हणाली, "येईन. तवरिक हे थांबते."

ते थांबलं नाही.

उन्हाळा लागत होता. त्या दुपारी मी वॉर्डाची फरशी पुसत होते. दवाखान्याचा दरवान हाक मारत आला की तुझ्या गावची माणसं आली आहेत. मी पदर कमरेला खोचलेला, हातात ओला फडका, तशीच फाटकाकडे गेले. बा, दादा आणि माय उभे होते. बा दरवानाला सांगत होता की आमची पोरगी इथे नर्स आहे, तिला बोलवा, ती सांगेल तसं करा. दरवान जुना माणूस होता, मनाने वाईट नव्हता. तो सहज म्हणाला, "शेवंता? ते तं आया आहे बाबा."

बाने माझ्याकडे पाहिलं. आधी माझ्या हातातल्या फडक्याकडे, मग अनवाणी पायांकडे. मी कितीदा सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि असं दिसणं वेगळं. बा बाजूला सरला. त्याच्या मागे भाड्याच्या टांग्यात वहिनी आडवी पडली होती, ओठ कोरडे, चेहरा मातीसारखा.

तिला स्ट्रेचरवर घेताना मला कळलं की आदल्या दिवसापासून तिला कळा सुरू होत्या. लेकरू आडवं होतं. पहाटे त्याचा हात बाहेर आला तशी माय मागे सरली आणि तिने सांगितलं की हे माझ्याच्यानं होणार नाही, दवाखान्यात न्या. बंडी जुंपून ते सकाळीच राळेगावला पोचले. राळेगावला डॉक्टर होते, एक शिकलेली नर्सबाईही होती, आणि दवाखाना मोटर थांबायची तिथून समोरच दिसायचा. त्या दवाखान्यात ते गेले नाहीत. लिंबाच्या झाडाखाली वहिनीला घोंगडीवर निजवून ते यवतमाळच्या मोटरीची वाट पाहत बसले. मोटर उशिरा आली. वाटेत ती एकदा बंदही पडली.

हे मला मायने सांगितलं, स्ट्रेचरच्या बाजूने चालता चालता. "म्या म्हनलं राळेगावलेच दाखवू. तं तुहा बा म्हने, आपली पोरगी असताना परक्याच्या दारात कायले उभं राहाचं? तिथं कोनी भायेर बसवन. शेवंताच्या दवाखान्यात आपल्याले कोन अडवते."

वहिनीने माझा हात धरला. तिची पकड अजून घट्ट होती, वेण्या ओढताना असायची तशी. "तू हायेस ना," ती म्हणाली. "आता मले भेव नाही."

मी लेबर रूमच्या दारापर्यंत तिच्यासोबत गेले. तिथे स्टाफ नर्सने स्ट्रेचर माझ्या हातातून घेतलं. वहिनीच्या बोटांतून माझा हात मला सोडवावा लागला. दार लागलं. मी दाराच्या बाहेर उभी राहिले.

आतून नंतर काय ऐकू आलं ते मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, यात मला शंका नाही. आधी लेकरू गेलं, दिवस मावळायच्या सुमाराला वहिनी गेली. तिचं पोट आतल्या आत फाटलं होतं. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "दोन-तीन तास आधी आणलं असतं तर." हे वाक्य ते कितीतरी नातेवाइकांना म्हणायचे. मीही पुढे नर्स झाल्यावर कितीतरी लोकांना म्हटलं. तेव्हा ते माझ्या बाला म्हटलं होतं. मी तिथेच होते, आणि दोन-तीन तास म्हणजे राळेगाव, हे तिथे उभ्या असलेल्या आम्हा चौघांना कळलं.

लेबर रूम स्वच्छ करायचं काम एरवी जुन्या आयांचं, पण त्या दिवशी ती पाळी पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. स्टाफ नर्स म्हणाली, तू घरच्यांजवळ बस, दुसरी आया करेल. मी नको म्हटलं. वहिनीचं रक्त दुसऱ्या कोणी पुसावं हे मला सहन झालं नसतं. मी टेबल पुसलं, फरशी पुसली, चादरी गार पाण्यात टाकल्या. वहिनी मला विचारत असायची ते टेबल, तो दिवा, ती खोली मी त्या दिवशी पहिल्यांदा आतून पाहिली.

माय बाहेरच्या ओट्यावर बसली होती. मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती आपल्या दोन्ही हातांकडे पाहत होती. "हात भायेर यायच्या आधी लेकरू फिरवून पाहू का, असं मनात आलतं," ती म्हणाली. "आधी दोन-तीनदा फिरवलं हाये म्या. पन वाटलं, आता आपल्या घरात शिकलेलं माणूस हाये. आपला अडाण्याचा हात कायले मधात घाला." ते तिला जमलं असतं की नाही, मला माहीत नाही. पुढे शिकले तेव्हाही मला त्याचं उत्तर मिळालं नाही. आधी फिरवलं तर कधी जमतं, कधी आणखी बिघडतं, एवढंच पुस्तकात होतं. मायने त्यानंतर कोणाचंच बाळंतपण केलं नाही, वस्तीतलंही नाही.

मला काम सोडायचं होतं. पेटीही भरली होती. मेट्रनबाईंनी मला थांबवलं नाही, समजावलंही नाही. एवढंच म्हणाल्या की वर्गात जागा निघाली आहे, नाव देऊ का तेवढं सांग. दोन दिवसांनी मी हो म्हटलं. का म्हटलं ते आजही नीट सांगता येत नाही. जिच्या भरवशावर ते राळेगाव ओलांडून आले ती नर्स निदान खरी तरी असावी, असं काहीतरी वाटलं असेल. ती झाली तरी वहिनीला त्याचा काय उपयोग, हेही तेव्हाच कळत होतं.

मी नर्स झाले. पांढरी साडी, टोपी, कमरेला पट्टा. लोक म्हणतात, दुःखातून माणूस घडतं. मला तसा अनुभव नाही. माझे हात शिकले, मी तिथेच राहिले. आडवं लेकरू असलेली बाई आली की सगळं नीट करायची आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहायची. पहिली नेमणूक बोरी अरबला मिळाली. तिथे रस्त्याने पडदा लावलेली बंडी जाताना दिसली की मी धावत बाहेर जायची आणि विचारायची, आत कोण आहे, कुठे नेता. लोक हसायचे. एकदा बंडीतून फक्त सरकीची पोती निघाली. तरी मी विचारायचं सोडलं नाही. पुढे नोकरी करता करता बाहेरून बी.ए. झाले. वस्तीतली पहिली पदवी माझी. विहारात हार घालून सत्कार झाला, दादाने पुढे बसून टाळ्या वाजवल्या. दादाने दुसरं लग्न केलं होतं, लेकरं झाली होती. त्याने मला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. घरात कोणीच नाही. कधी वाटायचं, एकदा तरी कोणी मला बोल लावावा. मी नर्स नाही हे मी सांगितलं होतं, हे मला माहीत आहे, आणि माझ्या नावावरच ते पुढे गेले हेही मला माहीत आहे. यातला दोष कोणाचा, हे कोणी बोललं असतं तर मला काही उत्तर तरी देता आलं असतं. न बोललेल्याला उत्तर देता येत नाही.

बा त्या दिवसानंतर यवतमाळला कधी आला नाही. मी खरीच नर्स झाल्यावर त्याने बाजारात ते सांगणं बंद केलं. कोणी दुसऱ्याने सांगितलं की तो मान हलवायचा आणि विषय बदलायचा. मी घरी गेले की आम्ही पाऊसपाण्याचं, बैलाचं, ज्वारीचं बोलायचो. दादाच्या बायकोच्या प्रत्येक बाळंतपणाला बाने तिला महिनाभर आधीच राळेगावला नातलगाच्या घरी नेऊन ठेवलं, दवाखान्याच्या अगदी जवळ. माझ्याकडे पाठवू का, असं मी एकदाही विचारलं नाही आणि त्यानेही कधी तो विषय काढला नाही.

साठचं दशक सरत आलं तेव्हा बोरीला निरोप आला की बा आजारी आहे. छातीत कफ दाटला होता, श्वास लागत होता. दादाने त्याला विचारलं होतं की शेवंताकडे नेऊ का. तोवर माझं नाव झालं होतं, ओळखीचे डॉक्टर होते, मोठ्या दवाखान्यात मला कोणी अडवलं नसतं. बा म्हणाला, "नाही. राळेगावले न्या." दादाने पुन्हा विचारलं तर तो रागावला आणि बंडीत स्वतःच चढून बसला.

मी पोचले तेव्हा तो आत खाटेवर होता. मला ओळखलं. "आलीस? बस," म्हणाला. मी खाटेजवळ बसले आणि सवयीने त्याच्या मनगटाकडे हात नेला, नाडी पाहायला. त्याने हात मागे घेतला नाही. उलटा करून माझा हात आपल्या हातात घेतला आणि तसाच धरून राहिला. मला नाडी पाहता आली नाही. त्याने मला माफ केलं होतं, की स्वतःला माफ केलं नव्हतं, की फक्त जवळचा दवाखाना तो पहिला असं आपल्या घराला शिकवून ठेवत होता, हे मी त्याला विचारायला हवं होतं. पण त्याला धाप लागत होती.

दुपारी डॉक्टर तपासायला आले तेव्हा तिथल्या नर्सबाईने सगळ्यांना बाहेर काढलं. नवीनच पोरगी होती, मला ओळखत नव्हती. मी दादाजवळ व्हरांड्यात बसले. समोर रस्त्यापलीकडे मोटर थांबायची जागा दिसत होती. लिंबाचं झाड होतं. त्याखाली लोक पेट्या, पोती, लेकरं घेऊन बसले होते. तिकडे बघवत नव्हतं, पण बघत राहिले. थोड्या वेळाने ती पोरगी बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, कारण तो चेहरा मीही कितीदा करून बाहेर आले होते. तिने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

माझ्याजवळ सांगण्यासारखं बरंच होतं. मी म्हटलं, "मुलगी."

वस्तीतले तुम्ही सारे, जे गावातच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, ते मला भेटलात की विचारता, घरी कधी येणार. दादानेही घरात माझ्यासाठी खोली काढून ठेवली आहे. मी जाते, दोन दिवस राहते, जेवते आणि परत येते. त्या घरात मी नर्सबाई असते, सत्काराची माणूस असते, आणि जी गेली तिची नणंद असते. नुसती मुलगी मी शेवटची होते ती राळेगावच्या त्या व्हरांड्यात, आणि तेव्हा आत बा राहिला नव्हता. घर म्हणून माझ्याजवळ तेवढंच आहे.